न वाजलेली घंटा : कचेरीत थेट येणाऱ्या दूरध्वनीच्या दोषशोधनाचा इतिहास

१

धुळ्याहून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, सोनगीर हे गाव एका लहानशा डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांकरिता या गावाचा लौकिक जुना असून तेथील तांबटांची घडाई खानदेशाबाहेरही ओळखली जाते. अशा गावाचा धंदा केवळ गावातील गिऱ्हाइकावर चालत नाही. मागणी बाहेरून यावी लागते, आणि ती ज्या मार्गाने येते तो मार्ग अखंड असावा लागतो. म्हणूनच संदेशवहनाच्या इतिहासातील एक बारीक परंतु दुर्लक्षित प्रश्न मांडण्यास सोनगीर हे सोयीचे स्थळ होय. बाहेरून आलेला संदेश जेव्हा पोहोचत नाही, तेव्हा तो पोहोचला नाही हे कोणाला कळते, हा तो प्रश्न.

दूरध्वनीच्या दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. कचेरीतून बाहेर बोलता येत नसेल तर तो दोष वापरणाऱ्याच्या हातीच प्रकट होतो. यंत्र कानाला लावताच तो उमगतो व तक्रार होते. याउलट बाहेरून येणारा दूरध्वनी आत शिरत नसेल तर आतील मनुष्याला काहीच जाणवत नाही. घंटा वाजली नाही याचा अर्थ कोणी बोलावले नाही, असेच तो समजतो. बाहेरच्या मनुष्यास मात्र घंटा वाजत असल्याचा सूर ऐकू येतो व पेढीत कोणी नाही, अथवा असूनही कोणी उत्तर देत नाही, असा ग्रह करून तो दुसरीकडे वळतो. नुकसान एकाचे आणि त्याची जाणीव दुसऱ्यालाही अपुरी, असा हा विलक्षण दोष आहे. त्याचा शोध कसा घेतला जात असे, व तो घेण्याची साधने काळाच्या ओघात कोणाकडून कोणाकडे गेली, याचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम तारायंत्राचा काळ पाहू. विल्यम ओशॉनेसी याने इ. स. १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेने संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. इ. स. १८५३ च्या अखेरीस लांब पल्ल्याच्या मार्गांच्या बांधणीस आरंभ झाला आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा सर्वसाधारण जनतेस खुली झाली. मुंबई व आग्रा यांस जोडणारा तारमार्ग इंदूरवरून गेला. इ. स. १८५७ च्या अखेरीस खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांचा उठाव झाला आणि सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला गेला. सातपुड्यातील ही वाट सत्तेच्या दृष्टीने किती नाजूक होती हे त्यावरून दिसते. त्या काळी सत्ता आणि संदेश एकाच वाटेने चालत असत.

तारमार्गावरील कामगारांनी दोषांचे जे वर्गीकरण केले ते पुढे दूरध्वनीनेही जसेच्या तसे स्वीकारले. तार तुटणे, तार जमिनीस भिडणे आणि दोन तारा एकमेकींस भिडणे, असे ते तीन मूळ दोष होत. यांतील कोणताही दोष उद्भवला की दोन्ही टोकांच्या तारबाबूंस तो तत्काळ कळत असे, कारण प्रत्येक संदेशाची पोच उलट दिशेने येत असे. पोच न येणे हीच दोषाची वर्दी होती. शिवाय प्रत्येक संदेशाचा लेखी नमुना कचेरीत राही. सारांश, तारायंत्रात संदेश हरवला तर त्याचे साक्षीदार दोन आणि पुरावा एक, अशी स्थिती होती. भारतातील ही तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली तोपर्यंत तिचे हे वैशिष्ट्य कायम राहिले.

३

दूरध्वनीचा शोध इ. स. १८७६ चा. मुंबईत पहिले दूरध्वनिकेंद्र इ. स. १८८२ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांनी, खाजगी कंपनीच्या परवान्याखाली सुरू झाले. आरंभीची सर्व केंद्रे हातांनी चालविली जात. बोलू इच्छिणारा प्रथम केंद्रातील ऑपरेटरला हाक मारी आणि ऑपरेटर दोरीच्या खुंटीने त्याची जोड दुसऱ्या वाहिनीशी करून देई. लांबच्या गावांसाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे प्रकार असत. अर्जंटला दुप्पट व लायटनिंगला आठपट आकार पडे. विशिष्ट व्यक्तीच हवी असल्यास पीपी कॉल नोंदविण्याची सोय होती.

ही पद्धत संथ होती, तासन् तास वाट पाहावी लागे, आणि तिच्याविषयीच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यात एक गुण होता. घंटा देणारी व्यक्ती पलीकडून उत्तर येते की नाही हे स्वतः ऐकत असे. एखादी वाहिनी वारंवार निरुत्तर राहिली तर ऑपरेटरला संशय येई, ती परीक्षण-मेजास कळवी, आणि लाइनमन निघे. लहान गावच्या केंद्रात तर ऑपरेटर प्रत्येक ग्राहकाला ओळखत असे. दुकान उघडे असताना घंटेला उत्तर येत नाही ही गोष्ट त्याला नुसत्या सरावाने खटके. येणाऱ्या दूरध्वनीच्या दोषाला येथे एक मानवी साक्षीदार होता.

४

हा साक्षीदार काढून टाकण्याची प्रेरणा, आश्चर्य म्हणजे, येणाऱ्या दूरध्वनीच्या तक्रारीतूनच जन्मली. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. आपल्यासाठी येणारे दूरध्वनी ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवितात असा त्याचा ग्रह झाला होता, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेचा तपशील कसाही असो, त्याने मार्च १८९१ मध्ये स्वयंचलित निवडयंत्राचे एकस्व मिळविले आणि नोव्हेंबर १८९२ मध्ये इंडियाना संस्थानातील ला पोर्ट येथे त्या तत्त्वावरील पहिले केंद्र सुरू झाले. भारतात पहिले स्वयंचलित केंद्र शिमला येथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभारले गेले.

स्ट्रोजर यंत्रात ग्राहक चकती फिरवून विद्युत्प्रवाहात जितके खंड पाडतो तितक्या पायऱ्या निवडयंत्र चढते. सेकंदास सुमारे दहा खंड हा वेग होय. शेवटचे निवडयंत्र हव्या त्या वाहिनीपाशी पोहोचले की ती रिकामी आहे की गुंतलेली हे ते तपासते आणि रिकामी असल्यास घंटेचा प्रवाह सोडते. येथेच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. ही तपासणी ज्या तारांवरून ग्राहक बोलतो त्या तारांवर होत नाही. ती केंद्राच्या आतील एका तिसऱ्या तारेवर होते. ग्राहकाच्या घराकडील तार मध्येच तुटली असली तरी ही तिसरी तार वाहिनी रिकामी असल्याचेच सांगते. केंद्र निःशंकपणे घंटा सोडते, बोलावणाऱ्यास घंटेचा सूर ऐकविते, आणि ग्राहकाच्या घरी मात्र संपूर्ण शांतता असते.

याच्या उलट, दोन तारा एकमेकींस भिडल्या तर ग्राहकाने यंत्र उचलले आहे अशी केंद्राची समजूत होते. त्या वाहिनीचा दिवा केंद्रात पेटतच राहतो. भारतीय कर्मचाऱ्यांत या अवस्थेस पीजी, म्हणजे परमनंट ग्लो, असे नाव पडले. ती उघड दिसत असल्याने केंद्रातूनच तिचा माग लागे. तुटलेल्या तारेला असा दिवा नव्हता. यंत्राला जो दोष दिसतो तो दुरुस्त होतो, आणि जो त्याला दिसत नाही तो ग्राहकाच्या माथी राहतो, हा नियम येथून पुढे सर्वत्र आढळतो.

५

२६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर व लखनौ या शहरांमध्ये ग्राहकाने स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात प्रथम सुरू झाली. आता दोन गावांतील ऑपरेटरही वाटेतून दूर झाले. इ. स. १९६४ मध्ये बेल्जियममधील कंपनीशी करार होऊन पेंटाकोंटा जातीची क्रॉसबार केंद्रे देशात आणण्याचे ठरले. ही यंत्रे भारतीय शहरांतील एका वाहिनीवर पडणारा प्रचंड भार लक्षात घेऊन बनविलेली नव्हती, त्यामुळे त्यांत पुढे बरेच फेरफार करावे लागले. सत्तरीच्या दशकात दूरध्वनीविषयीचा असंतोष इतका वाढला की इ. स. १९८१ मध्ये सरीन समितीची नियुक्ती झाली. इ. स. १९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली, आणि ग्राहकाकडील उपकरणे बनविण्यास खाजगी उद्योगांना मुभा मिळाली. सी-डॉटने ग्रामीण भागासाठी घडविलेले १२८ जोडण्यांचे लहान केंद्र उष्ण व धुळीच्या हवेत वातानुकूलनावाचून चालण्याच्या हेतूने रचलेले होते. तालुक्याच्या व बाजाराच्या गावांत स्वयंचलित दूरध्वनी पसरला तो प्रामुख्याने अशा केंद्रांमुळे.

खाजगी उत्पादनाच्या परवानगीचा परिणाम कचेऱ्यांत दिसू लागला. कारखाने, बँका, महाविद्यालये व पेढ्या यांच्या दारी ईपीएबीएक्स या नावाची छोटी खाजगी केंद्रे आली. बाहेरच्या दोन-चार वाहिन्या आणि आतील दहा-वीस एक्स्टेन्शने, अशी त्यांची सामान्य रचना असे. आरंभी बाहेरून आलेला प्रत्येक दूरध्वनी कचेरीतील ऑपरेटर घेई व आत जोडून देई. त्यानंतर त्यालाही वगळून बोलावणाऱ्याने सरळ हव्या त्या मेजापर्यंत जावे अशी इच्छा निर्माण झाली. अमेरिकेत अशी सोय १९६० च्या दशकात मोठ्या कार्यालयांसाठी प्रचारात आली होती. ती डीआयडी या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

६

थेट आत येणाऱ्या या जोडणीचे कार्य नीट समजल्यावाचून तिचे दोष उमगत नाहीत. साध्या अनुरूप वाहिनीवर, म्हणजे तांब्याच्या दोन तारांच्या जोडीवर, सार्वजनिक केंद्र सुमारे ४८ व्होल्टांचा दाब पुरविते व आलेल्या दूरध्वनीची वर्दी म्हणून सुमारे ७५ व्होल्टांचा घंटेचा प्रवाह सोडते. कोणता क्रमांक फिरविला गेला हे ते मुळीच सांगत नाही. परिणामी आतील खाजगी केंद्राला कोणते एक्स्टेन्शन हवे आहे हे कळण्याचा मार्गच नसतो. या अडचणीवर दोन उपाय निघाले.

पहिला उपाय खऱ्या डीआयडी वाहिनीचा. तीत नेहमीचा क्रम उलटा होतो. विजेचा दाब कचेरीतील यंत्र पुरविते, आणि सार्वजनिक केंद्र जणू स्वतःच ग्राहक होऊन ती वाहिनी उचलते. कचेरीचे यंत्र तारांची ध्रुवता क्षणभर उलटून आपण तयार असल्याचे सुचविते. या खुणेस विंक म्हणतात. त्यानंतर केंद्र फिरविलेल्या क्रमांकाचे शेवटचे तीन किंवा चार अंक पाठविते, यंत्र त्यानुसार एक्स्टेन्शनची घंटा वाजविते, व तेथे कोणी उत्तर दिले की ध्रुवता कायमची उलटते. या शेवटच्या उलटापालटीवरून आकारणी सुरू होते.

दुसरा उपाय डिसा या नावाने प्रसिद्ध असून लहान कचेऱ्यांत तोच अधिक रुळला. त्यात साध्याच वाहिनीवर यंत्र स्वतः दूरध्वनी उचलते, ध्वनिमुद्रित सूचना ऐकविते, आणि बोलावणाऱ्याने दाबलेल्या कळांच्या सुरांवरून एक्स्टेन्शन ओळखते.

पहिल्या पद्धतीत दोष संवादाच्या पायऱ्यांत उद्भवतात. डीआयडी वाहिनी चुकून साध्या वाहिनीच्या खाचेत जोडली तर दोन्ही बाजू दाब पुरवू लागतात किंवा एकही बाजू पुरवीत नाही, आणि वाहिनी मृतवत् राहते. विंक न पोहोचल्यास केंद्र अंक पाठवीतच नाही. यंत्र तयार होण्यापूर्वी अंक आले तर पहिल्या अंकाचा एखादा खंड गळतो, २४५ चे १४५ होते, व दूरध्वनी भलत्याच मेजावर वाजतो. केंद्र तीन अंक पाठवीत असता यंत्र चौथ्याची वाट पाहत असेल तर काहीच घडत नाही. क्रमांकांच्या रचनेत बदल झाला की हा शेवटचा दोष विशेषेकरून संभवतो. इ. स. २००२-०३ च्या सुमारास देशातील स्थिर दूरध्वनींच्या क्रमांकांपूर्वी २ हा अंक जोडण्यात आला तो या प्रकारचा बदल होता. शेवटच्या अंकांवर भिस्त ठेवणारी यंत्रे अशा वेळी तरून जात. पहिल्या अंकापासून मोजणाऱ्या यंत्रांची मांडणी मात्र नव्याने करावी लागे.

दुसऱ्या पद्धतीतील दोष ऐकण्यासंबंधीचे असतात. तार लांब वा गंजलेली असली तर कळांचे सूर क्षीण होऊन पोहोचतात व ओळखले जात नाहीत. ध्वनिमुद्रित सूचना मोठी असेल तर तिच्याच प्रतिध्वनीत ते बुडतात. जुन्या चकतीच्या यंत्रातून तर असे सूर निघतच नाहीत. यांखेरीज आणखी एक खोल दोष आहे. बोलावणाऱ्याने यंत्र ठेवले हे आतील यंत्रास सांगण्याची खात्रीची खूण साध्या वाहिनीवर नसते. केंद्र व्यग्रतेचा ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू व पाऊण सेकंद बंद असा सूर सोडते, आणि तो ओळखून यंत्राने वाहिनी सोडावी अशी अपेक्षा असते. परदेशी सुरांनुसार मांडलेले यंत्र हा सूर ओळखीत नाही. मग वाहिनी तासन् तास अडकून राहते व नंतर येणाऱ्या प्रत्येकास व्यग्रतेचा सूर ऐकू येतो.

७

अशा प्रसंगी अनुभवी कर्मचारी जो क्रम पाळीत तो इतिहासाभ्यासकाच्या साधनचिकित्सेहून फारसा निराळा नाही. प्रथम सीमा ठरवायची. बाहेरची तार कचेरीत जेथे संपते तेथे खाजगी यंत्र सोडवून एक साधे दूरध्वनियंत्र लावावयाचे आणि दुसऱ्या क्रमांकावरून बोलावून पाहावयाचे. घंटा वाजली तर दोष आत आहे, न वाजली तर बाहेर. डीआयडी वाहिनीस मात्र ही कसोटी लागू पडत नाही, कारण तिच्यावर दाब बाहेरून येतच नाही. तेथे प्रथम कचेरीच्या यंत्राचा दाब व ध्रुवता मोजावी लागते.

दोष बाहेर असल्यास सूर मिळतो काय, हे पाहावे. सूर मिळतो, बाहेर बोलता येते, परंतु येणारा दूरध्वनी एका घंटेतच तुटतो, असे असेल तर संशय ओलाव्यावर घ्यावा. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की दोन तारांमधून थोडा प्रवाह गळू लागतो, घंटेच्या वेळी तो वाढतो, आणि ग्राहकाने यंत्र उचलले असे समजून केंद्र घंटा थांबविते. उन्हाळ्यात हा दोष आपोआप नाहीसा होतो, त्यामुळे तक्रार खोटी ठरते. खांबावरील डीपी, रस्त्याकडेचा पिलर व केंद्रातील एमडीएफ या तीन ठिकाणी तार सोडवून मोजली की दोषाचा टप्पा सापडतो.

सर्वांत फसवा प्रकार अनेक वाहिन्या एका क्रमांकाखाली गुंफल्या असता घडतो. सोनगीरसारख्या गावी एका भांड्यांच्या पेढीत अशा तीन वाहिन्या आहेत असे कल्पावे. केंद्र येणारा दूरध्वनी प्रथम पहिलीवर, ती गुंतलेली असल्यास दुसरीवर व मग तिसरीवर देते. पहिली वाहिनी वाटेत तुटली तर केंद्राच्या लेखी ती सदैव रिकामीच असते. म्हणून येणारा प्रत्येक दूरध्वनी तिच्यावरच जातो व विरून जातो. दुसऱ्या दोन धडधाकट वाहिन्यांवरून पेढीतील माणसे बाहेर बोलत राहतात आणि सर्व काही सुरळीत आहे असे मानतात. एक वाहिनी भिडली तर उरलेल्या दोन काम देतात, परंतु एक तुटली तर तिन्ही निरुपयोगी होतात. लहान दोषाने मोठी आणि मोठ्या दिसणाऱ्या दोषाने लहान हानी होण्याचे हे उदाहरण मननीय आहे. यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रत्येक वाहिनीचा स्वतंत्र क्रमांक माहीत असणे व तो वेळोवेळी बाहेरून फिरवून पाहणे. तक्रारीसाठी १९८ फिरवावयाचा खरा, परंतु तो फिरविण्याची बुद्धी होण्यापूर्वी दोषाची शंका यावी लागते, आणि नेमके तेच अवघड असते.

८

या सर्व विवेचनाचा इतिहासलेखनाशी असलेला संबंध शेवटी सांगितला पाहिजे. धुळ्यास इ. स. १९२६ मध्ये निवर्तलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, कारण जे कागदावर उतरले तेच पुढील पिढीच्या हाती येते हे त्यांनी ओळखले होते. पत्राची नक्कल राहते, तारेचा नमुना राहतो. ट्रंक कॉलची नोंद वहीत होई. स्वयंचलित दूरध्वनीचे मात्र एकच लेखन असे, आणि ते म्हणजे केंद्रातील ग्राहकाचे मापक. ते केवळ बाहेर केलेल्या व उत्तर मिळालेल्या दूरध्वनींचे एकांक मोजी. आत आलेल्या दूरध्वनीची तेथे नोंद नव्हती, आणि न पोहोचलेल्याची तर कोणाच्याच मापकावर नव्हती.

यावरून एक सावधगिरी निष्पन्न होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बाजाराच्या गावांचा अभ्यास करणारा पुढील संशोधक दूरध्वनीची देयके व तक्रारींची नोंद यांवरून व्यवहाराचे मान काढू लागेल, तेव्हा त्याने हे स्मरावे की तक्रार न होणे म्हणजे दोष नसणे नव्हे. ज्या दोषाला ऑपरेटररूपी साक्षीदार होता तो कागदावर आला. साक्षीदार नाहीसा झाल्यावर तोच दोष वाढला असला तरी कागदावर कमीच दिसेल. आज तांब्याच्या तारांची जागा अनेक ठिकाणी प्रकाशतंतूंनी घेतली आहे आणि हातातील भ्रमणध्वनी न घेतलेल्या दूरध्वनीचीही यादी दाखवितो. तथापि ही यादीदेखील यंत्रापर्यंत पोहोचलेल्या हाकेचीच असते. क्षेत्राबाहेर असताना विरलेली हाक तिच्यातही नेहमीच उतरते असे नाही.

आग्रा रस्त्याने सांडणीस्वार गेले, तार गेली, दूरध्वनी आला. प्रत्येक साधनाने मागच्यापेक्षा वेग वाढविला आणि प्रत्येकाने मधला एकेक मनुष्य कमी केला. वेगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या मधल्या मनुष्याबरोबर कोणती साक्ष गेली, याचा हिशेब अजून मांडावयाचा आहे. सोनगीरच्या एखाद्या पेढीत न वाजलेली घंटा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ती का वाजली नाही हे समजण्यास तारांची रचना समजून घेणे, हाच मार्ग अभ्यासकापुढे राहतो.